डावीकडची पट्टी

“तुझ्या वडिलांना एकदा डॉक्टरांना दाखवून आण,” असं सासूबाई मला म्हणाल्या, तेव्हा मी टेबलावरची ताटं उचलत होते. बाबा आमच्याकडे जेवून नुकतेच आपल्या घरी गेले होते. “ते ताटात उजवीकडचं तेवढंच जेवतात गं. डावीकडे वाढलेलं तसंच राहतं.”

“त्यांना काकडी आवडत नाही, आई.”

“आज काकडी नव्हती.”

मी हसून विषय उडवून लावला. सासूबाईंनी आजवर दूधवाल्याला थायरॉईड, शेजारणीला मणका आणि माझ्या नवऱ्याला रक्तदाब लावून दिला होता आणि तिघेही ठणठणीत होते. त्यात आता माझ्या बाबांची भर.

एरवी काळजी करण्यात माझा हात धरणारं घरात कुणी नाही. मी मुलीला द्राक्षंसुद्धा चिरून देते. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत वर येते. खिडकीची कडी लावल्यावर ती पुन्हा ओढून बघते आणि मग मुलीलाही ओढून बघायला लावते. नवरा मला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणतो. पण या सरकारच्या कारभारात बाबांचं खातंच नव्हतं. बाबांनी आयुष्यभर बस चालवली. लहानपणी घाटातून जाताना इतर मुलं खिडकीचे गज घट्ट धरून बसायची आणि मी त्यांच्या सीटमागे गाढ झोपायची. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे, त्याची कसली काळजी करायची?

निवृत्त झाल्यावर, माझी आई गेल्याच्या पुढच्याच वर्षी, बाबांनी एक जुनं मोटारहोम विकत घेतलं. टेम्पोहून मोठं, बसहून लहान. आत झोपायला दोन बाकं, एक शेगडी, ओंजळीएवढं बेसिन आणि कपाटाएवढं न्हाणीघर. नवऱ्यानं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाला, “बाबा, या वयात म्हैस पाळलीत?” बाबांना ते इतकं आवडलं की तेव्हापासून तिचं नाव म्हैसच पडलं. ती पांढरी होती, हा तपशील कुणी मनावर घेतला नाही.

पांढरी तरी कुठे राहिली होती म्हणा. तिचं अंग फायबरचं. फायबरवर एक गुळगुळीत, चमकदार थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तो थर वरून मरतो आणि त्याची खडूसारखी भुकटी होते. म्हशीला टेकून उभं राहिलं की पाठीवर पांढरा शिक्का बसायचा. माझी मुलगी, पिटुकली, म्हशीच्या अंगावर बोटानं मासे आणि सूर्य काढायची, आणि ते पुढच्या खेपेपर्यंत तसेच असायचे.

या सुट्टीत बाबा पिटुकलीला म्हशीतून डोंगरापलीकडच्या तळ्यावर नेणार होते. दोघंच. मी आधी नाही म्हणाले, मग बघू म्हणाले, मग पुन्हा नाही म्हणाले. शेवटी बाबांनी विचारलं, “पोरी, मी चालवत असताना तुला कधी साधं खरचटलं तरी का?” मी हो म्हटलं. पिटुकलीनं त्याच संध्याकाळी बॅग भरली. आत एक टॉर्च, एक उशी आणि घरातले झाडून सगळे मोजे.

“पण या अवतारात मी तिला रस्त्यावर काढणार नाही,” बाबा म्हणाले. “माणूस गावाला जाताना दाढी करतो की नाही?”

म्हणून आम्ही म्हशीची दाढी करायला घेतली.

बाबांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे म्हैस उभी असते. मी सकाळी पिटुकलीला घेऊन जायची, ऊन चढलं की थांबायचं, आणि उतरलं की पुन्हा सुरू. तापलेल्या फायबरवर हे काम करता येत नाही, लावलेलं सगळं जागच्या जागी वाळून बसतं. आधी साबणाच्या पाण्यानं आंघोळ. मग कोरडं पुसणं. मग खिडक्यांच्या रबरावर आणि दारांच्या कडांवर कागदी टेप. मग मागच्या कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, हातभर भाग करून बघायचा, हा बाबांचा नियम. सगळ्यात मऊ कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट, आधी. त्यानं भागलं तर खरखरीत डबा उघडायचाच नाही.

“घासून गेलेला थर परत येत नाही,” बाबा म्हणाले. “जेवढा मेलाय तेवढाच काढायचा. जिवंत आहे त्याला हात लावायचा नाही.”

त्या कोपऱ्यात मऊ कंपाउंड फिरलं, बाबांनी कापडानं पुसलं, आणि आत शेडचा पत्रा दिसला. पत्र्याखाली मी, माझ्या कडेला पिटुकली.

“आई, म्हशीत आपण आहोत!” ती ओरडली.

मग कामाची घडी बसली. टेपनं खिडकीएवढा चौकोन आखायचा. बाबा पॉलिशच्या मशीनच्या लोकरी पॅडवर कंपाउंडचे ठिपके टाकणार, पॅड टेकवणार, मगच बटण दाबणार, आणि चौकोन घासणार. मी मागून मऊ कापडानं पुसणार, हातानं पातळ वॅक्स लावणार, वाळून त्यावर धुकं आलं की ते पुसून काढणार. एकदा मी हौसेनं मशीन मागून घेतलं आणि पॅड टेकवायच्या आधीच बटण दाबलं. कंपाउंड माझ्या तोंडभर, शर्टभर, आणि एक ठिपका वर पत्र्यापर्यंत.

“आईला दाढी आली!” पिटुकली लोळायची बाकी राहिली.

“सरकार, तुम्ही आपलं पुसण्याचं खातं सांभाळा,” बाबा म्हणाले. जावयाचा शब्द त्यांनी केव्हा उचलला कोण जाणे.

मला ते काम मनापासून आवडायला लागलं होतं. मशीनची एकसुरी घरघर, वॅक्सचा गोडसर वास, आणि एकेक चौकोन उजळत गेलेला. डोकं असं शांत राहण्याची मला सवय नव्हती.

पहिल्या दिवशीच मला दिसलं होतं की बाबांच्या प्रत्येक चौकोनाच्या कडेला वीतभर पट्टी मंद राहते. आम्ही म्हशीच्या उजव्या बाजूनं सुरुवात केली होती. म्हणजे तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की तिचं नाक आपल्या उजव्या हाताला आणि शेपूट डाव्या. पट्टी राहायची ती डावीकडे, शेपटाच्या दिशेला. मी माझ्यापुरतं कारण शोधलं. बाबा पुढून मागे घासत जातात, शेवटी टेप जवळ आली की पॅड जपतात, म्हणून तेवढं राहतं. शिवाय मशीन जड, खांदे थकत असतील. यात बोलायचं काय? मी हातातल्या छोट्या पॅडवर थोडं कंपाउंड घ्यायची आणि ती पट्टी घासून टाकायची. बाबा पुढच्या चौकोनाची टेप लावत असायचे, त्यांना कळायचंही नाही. लहानपणी माझ्या वह्यांना कव्हर घालून ठेवणाऱ्या माणसाचं एक काम मी गुपचूप करतेय, याचं मला बरंच वाटायचं.

उजवी बाजू झाली तेव्हा नवरा बघायला आला. त्यानं तिच्यात बघून भांग पाडला.

“बाबा, एवढी गुळगुळीत तर तुमची मुलगीपण नाही.”

“तिला वॅक्स कमी पडलं,” बाबा म्हणाले.

त्याच दुपारी चहाच्या वेळी बाबा शेडच्या तोंडाशी स्टुलावर बसले होते. पिटुकली त्यांच्या डाव्या खांद्याजवळ येऊन उभी राहिली, तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण करत. बाबा समोर बघत चहा पीत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “पिटुकली कुठाय गं?”

ती त्यांच्यापासून हातभर होती. मी हसू दाबलं. आजोबांचा अभिनय छान आहे, असं वाटलं.

“अगं, कुठाय ती? बाहेर रस्त्यावर नाही ना गेली?” बाबांनी कप खाली ठेवला तो सांडला, आणि ते उठलेच. “पिटुकले!”

ती खिदळत त्यांच्या पायाला बिलगली. बाबा पुन्हा स्टुलावर बसले. त्यांची छाती धपापत होती. मग तेही हसले, पण जरा उशिरा.

“आजोबांची ही बाजू जादूची आहे,” पिटुकलीनं मला समजावून सांगितलं. “इथे उभं राहिलं की आपण गुप्त होतो. मी रोज होते.”

“आजोबांना असं घाबरवायचं नाही,” मी तिला दटावलं. आणि सांडलेला चहा पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही म्हशीच्या डाव्या बाजूला गेलो. ती बाजू भिंतीकडे असते, मधे जेमतेम मशीन फिरवण्याएवढी जागा. धुताना तिथे पाइपनंच पाणी मारलं होतं, जवळून कुणी बघितलं नव्हतं. चाकाच्या वर एक लांब ओरखडा होता. ताजा, आतलं फायबर दिसणारा.

“हा कुणी मारला?” बाबा म्हणाले.

म्हैस बाबांखेरीज कुणी चालवत नाही.

“कुठेतरी उभी असताना कुणीतरी घासून गेलं असणार,” बाबा म्हणाले. “हल्ली लोकांना गाड्या लावता येत नाहीत.” आणि त्यांनी पहिल्या चौकोनाला टेप लावली.

इथेही ते पुढूनच सुरू झाले, मागे थांबले. मशीन बंद केलं, टेप घ्यायला वळले. मी कापड उचललं, चौकोन पुसला, छोटा पॅड घेतला. आणि माझा हात तसाच राहिला.

पट्टी होती. पण शेपटाच्या दिशेला नव्हती. या बाजूला म्हशीचं नाक डाव्या हाताला येतं, आणि मंद पट्टी नाकाच्या दिशेला राहिली होती. जिथे बाबांनी सुरुवात केली, तिथेच. तिकडे मागची कड, इथे पुढची. म्हशीच्या बाजूनं बघितलं तर काहीच जुळत नव्हतं. बाबांच्या बाजूनं बघितलं तर सगळंच जुळत होतं. प्रत्येक वेळी त्यांच्या डाव्या हाताची कड.

मशीन बंद होतं, तरी माझ्या कानात घरघर चालूच होती. म्हशीत ड्रायव्हरच्या डावीकडे एक सीट आहे. पिटुकली त्या सीटवर बसून तळ्याला जाणार होती. तिच्या पलीकडे खिडकी, खिडकीपलीकडे रस्त्याची कड, कडेनं चालणारी माणसं, सायकली. हे सगळं त्या पट्टीत.

मी पॅड खाली ठेवला. “बाबा, माझा हात भरून आलाय. पुढचा चौकोन तुम्ही पूर्ण करा, पुसण्यासकट. मी बघते नुसती.”

“सरकार संपावर!” बाबा खुशीत होते. त्यांनी चौकोन घासला, पुसला, भिंतीपर्यंत मागे सरकले. “घे. आरसा.”

“झाला?”

“मग? आता काय भांग पाडून दाखवू?”

“हात फिरवून बघा ना. या कडेपासून त्या कडेपर्यंत.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग उजव्या कडेवर तळवा टेकवला आणि सरकवत नेला. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग हात अडखळला. त्यांनी तळवा उलटा केला. बोटांवर खडू.

“हे काय?”

“राहिलंय.”

“कसं राहील? मी टेपपर्यंत गेलो होतो.” त्यांनी अख्खी मान डावीकडे वळवली, खांदासुद्धा वळला. तेव्हा त्यांना पट्टी दिसली. “असतं एखादं. नजर चुकते.”

“एखादं नाही बाबा. प्रत्येक चौकोनात राहतं. डावीकडेच.”

“मग त्या बाजूला कसं नाही राहिलं? एवढी सबंध बाजू केली ना मी?”

“तिकडच्या पट्ट्या मी करत होते.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

भिंत आणि म्हैस यांच्या मधल्या त्या बोळात आम्ही दोघं उभे होतो. पिटुकली पलीकडे टेपची रिकामी रिंग घरंगळवत होती, तिचा आवाज येत होता.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“वाईट!” बाबांचा आवाज चढला नाही, पण तो बसमधल्या प्रवाशांना दटावणारा आवाज होता. “माझ्या डेपोतला मेकॅनिक म्हणाला असता, साहेब, ब्रेक ढिले होते पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, तर? तुला सीटमागे घेऊन मी घाट उतरत होतो, पोरी.”

मला रडू येत होतं, आणि बाबांसमोर आता रडले तर तेच मला समजावत बसतील हे कळत होतं. म्हणून मी टेप सोलत राहिले.

बाबा चाकाजवळ खाली बसले. त्या लांब ओरखड्यावरून त्यांनी बोट नेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

“हा मीच असणार,” ते म्हणाले. “आपल्या फाटकाचा खांब या उंचीवर आहे. खांबच होता, हे बरं झालं.”

ते उठले, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

“चल.”

“कुठे?”

“डॉक्टरकडे. शर्ट बदलतो.”

डॉक्टर वयानं माझ्याएवढी होती. तिनं आधी बोटं हलवून बघितलं, मग एका घुमटासारख्या यंत्रात बाबांना हनुवटी टेकवायला लावून छोटे छोटे दिवे दाखवले, मग डोक्याचा स्कॅन करून आणायला सांगितलं. सगळं बघून झाल्यावर ती बाबांशीच बोलली, माझ्याशी नाही, हे मला आवडलं. डोळे उत्तम आहेत, म्हणाली. पण मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा केव्हातरी अडला होता. दुखलं नसेल, चक्करही आली नसेल. डोळे डावीकडचं बघतात, पण ते चित्र पोचतच नाही.

“मग मला कळलं कसं नाही?” बाबांनी विचारलं.

“कारण तिथे अंधार दिसत नाही, काका. काळं दिसलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी आला असतात. तिथे काहीच नसतं, आणि नसलेलं कुणाला दिसतं?”

असा झटका पुन्हा येऊ नये म्हणून तिनं गोळ्या दिल्या, त्या न चुकवता घ्यायच्या. मान वळवून बघायची सवय कशी लावायची तेही सांगितलं.

“गाडी?” बाबांनी विचारलं. एवढा वेळ ते त्या प्रश्नाभोवती फिरत होते.

“नाही, काका.”

“अजिबात?”

“थोडे महिने गेल्यावर पुन्हा तपासू. काहींचं थोडंफार परत येतं. पुष्कळांचं येत नाही. खोटी आशा दाखवत नाही तुम्हाला.”

बाबांनी मान हलवली. परत येताना टॅक्सीत ते मागे, माझ्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना गाडीत मागे बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांचा उजवा पाय वळणावळणावर हलके ब्रेक दाबत होता.

“पिटुकलीला तळ्याचं मी सांगेन,” मी म्हणाले.

“नाही. कबूल मी केलं होतं. मीच सांगतो.”

आणि त्यांनी सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरात, तिला टेबलावर बसवून, तिची दोन्ही पावलं हातात धरून. “पिटुकले, तुझी ती जादूची बाजू आहे ना, ती खरीच आहे. मला तिथलं काही दिसत नाही.”

“मला माहितीये,” ती म्हणाली.

“म्हणून मला आता म्हैस चालवता येणार नाही. रस्त्यात तिकडे कुणी असलं तर?”

“गुप्त असलं तर?”

“हो. तसंच.”

तिनं विचार केला. खालचा ओठ बाहेर आला, थोडा थरथरला, पुन्हा आत गेला. “मग आई चालवेल.”

नवरा पाणी पीत होता, त्याला ठसका लागला. “आई? ती पार्किंगमधून स्कूटर काढताना हॉर्न वाजवते!”

“ती हॉर्न वाजवते हे चांगलंच आहे,” बाबा म्हणाले. “बाकीचं शिकवता येतं.”

म्हशीची डावी बाजू आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा करायला घेतली. बाबा प्रत्येक चौकोनाच्या डाव्या कडेला आता लाल टेप लावतात. लाल दिसेपर्यंत मान वळवत राहायची आणि तोवर मशीन बंद करायचं नाही. डॉक्टरनं पुस्तक वाचायला अशी लाल रेघ सुचवली होती, बाबांनी ती म्हशीला लावली. कधी कधी तरीही राहते पट्टी. मी हात मागे बांधून उभी राहते आणि म्हणते, “बाबा, डावीकडे.” ते म्हणतात, “ओरडू नकोस, बहिरा झालेलो नाही.” आणि ती स्वतः पूर्ण करतात. ओरखडा मात्र भरलेला नाही. फायबर भरणारा माणूस येईन म्हणतो आणि येत नाही.

रविवारी सकाळी आम्ही मोकळ्या मैदानावर जातो. बाबा शेजारच्या सीटवर बसतात, पिटुकली मागे पट्ट्यात, उशी घेऊन. मी म्हैस चालवते. म्हणजे सरकवते. अजून मैदानाबाहेर गेलेलो नाही. तळं कुठे पळून जात नाही, असं बाबा म्हणतात. “आरसा बघ. दुसरा बघ. आता पहिला परत बघ. एवढ्या काळज्या करतेस, त्यातली एक तरी आरशात कर!” माझे तळवे घामानं निसटतात, पण परवा मी तिला मागे घेऊन दोन दगडांच्या मधे उभी केली, आणि बाबा काहीच बोलले नाहीत. ती मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी.

हे लिहायचं कारण एवढंच. तुमच्याही घरात असं एक माणूस असेल, ज्याची काळजी करायची असते हे कुणाला सुचतच नाही. वडील, सासरे, मावशी, थोरली बहीण, जे कुणी सगळ्यांचं बघत असतं ते. या आठवड्यात त्यांच्याकडे जा. गप्पा मारा, आणि बोलता बोलता त्यांना घरातली सगळ्यात मोठी काच पुसायला द्या. जवळ उभे राहा. काही राहिलं तरी हात पुढे करू नका, मदत करू नका. त्यांचं पुसून होऊ द्या, आणि मग काच नीट बघा.